अर्धी सायकल

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, मी सायकलपटू नव्हे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पहाटे उठून शंभर किलोमीटर मारून येणारी उत्साही मंडळी आपल्या सोलापुरात आहेत. त्यांच्याविषयी मला आदर आहे. माझं तसं काही नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात मी हिशेब लिहायला होतो आणि घर विजापूर रोडला. सकाळी निघायचं, सात रस्ता, अशोक चौक करत कारखाना गाठायचा आणि दिवे लागल्यावर तोच रस्ता उलटा धरायचा. एका बाजूचे साधारण आठ किलोमीटर. बरोबर डबा, पाण्याची बाटली, वह्या, आणि येताना भाजी. निवृत्त होईपर्यंत नऊ वर्षं मी हा प्रवास केला. त्यामुळे आज जे बोलणार आहे, ते रोज कामावर नेणाऱ्या आणि घरी आणणाऱ्या सायकलीविषयी.

अशी सायकल आता कोण चालवतं, असं तुम्ही म्हणाल. २०११ च्या जनगणनेत लोक कामाला कशाने जातात हेही नोंदवलं होतं. शेती आणि घरगुती उद्योग सोडून बाकीच्या कामगारांत सायकलने जाणारे सुमारे १३ टक्के होते. मोटारसायकल-स्कूटरवाल्यांपेक्षा किंचित जास्तच! फरक एवढाच, की हे लोक आपल्याला दिसत नाहीत. या न दिसण्याकडे मी पुढे येणारच आहे.

माझी सायकल आली २०१४ साली. डॉक्टरांनी रक्तात साखर जास्त आहे असं सांगितलं आणि त्याच महिन्यात मुलाला कॉलेजसाठी स्कूटर हवी झाली. दोन्ही प्रश्न एका सायकलीने सुटले. दुकानात गेलो, साधी, दांडीची, काळी सायकल पसंत केली. दुकानदाराने किंमत सांगितली आणि लगेच विचारलं, "फिटिंग काय काय करायचं?" तेव्हा कळलं, की सांगितलेली किंमत नुसत्या सायकलीची. स्टँड, कॅरिअर, घंटी, कुलूप, चेनकव्हर, सगळ्याचे पैसे निराळे. मी पडलो हिशेबनीस. म्हटलं, स्टँड आणि कुलूप बसवा, बाकी काही नको.

तिसऱ्या दिवशी अशोक चौकाच्या अलीकडे मागचं चाक बसलं. रस्त्याच्या कडेला लिंबाच्या झाडाखाली एक मिस्त्री बसलेला. पाण्याचं घमेलं, लाकडी पेटी, झाडाला टांगलेले जुने टायर. माझ्या आधीच्या गिऱ्हाइकाशी तो तेलुगूत बोलत होता, त्याच्या आधीच्याशी कानडीत. माझी सायकल त्याने एकदा पुढून, एकदा मागून पाहिली आणि म्हणाला, "काय ओ सर, अर्धीच सायकल घेतलाव की!"

मी म्हटलं, "अर्धी कशी? नवी कोरी आहे."

"दुकानातली हाय ओ ही. तुमची अजून व्हायची हाय."

पंक्चर निघेपर्यंत मी त्या वाक्याचा विचार करत होतो. मला वडिलांची सायकल आठवली. वडील नरसिंग गिरजी मिलमध्ये होते. सोलापूरला १८७७ साली जुनी मिल सुरू झाली, तिच्यामागून इतर गिरण्या आल्या, आणि पुढे कित्येक वर्षं गाव गिरणीच्या भोंग्यावर उठत-बसत होतं. भोंगा झाला की सायकलींचा लोंढा रस्त्यावर यायचा. त्या गर्दीत वडिलांची सायकल आम्ही पोरं लांबून ओळखत असू. हँडलच्या मुठींना सुतळी गुंडाळलेली. मडगार्डला खाली जुन्या चपलेच्या रबराचा तुकडा, चिखल पायावर उडू नये म्हणून. दांडीवर आमच्यासाठी गादीची छोटी बैठक. कॅरिअरला दोन्ही बाजूंनी लोखंडी सळीचे वाकवलेले हुक, कारण नळाला पाणी नसलं की त्याच सायकलीवरून दोन घागरी आणायच्या. पाणी चार-चार दिवसांआड येणाऱ्या गावात सायकल ही निम्मी पाण्याचीच गाडी असते. पुढच्या दांड्याला दिवा होता आणि तो नसला तर पोलीस चाकातली हवा सोडतात, ही धास्तीही होती. यातलं कुठलंही दुकानातून आलेलं नव्हतं. सायकल वर्षावर्षाने वडिलांची होत गेली होती.

मग मीही ठरवलं, घाई करायची नाही. दर पगाराला एक काम, त्या मिस्त्रीकडे.

पहिलं काम फुकटात झालं. मी सीट अगदी खाली ठेवली होती, दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून. आपल्याकडे बहुतेक जण असेच बसतात आणि मग गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडतात. मिस्त्रीने मला भिंतीला धरून बसवलं, पायडल खाली घेतलं आणि टाच त्यावर ठेवायला सांगितली. टाच टेकली की पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवून चालवताना गुडघा थोडासाच वाकलेला राहतो. सीट दोन इंच वर गेली. पहिले दोन दिवस सिग्नलला उतरताना भीती वाटली. तिसऱ्या दिवशी गुडघ्यांची आठवणसुद्धा राहिली नाही. सगळ्या खटाटोपात सर्वांत मोठा फायदा कशाचा झाला असेल, तर या पान्याच्या दोन फिरक्यांचा.

दुसरं काम फ्रीव्हीलचं. माझ्या सायकलीच्या पुढच्या चक्राला ४४ दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला १८. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाक जवळजवळ अडीच फेरे घेतं आणि सायकल साडेपाच मीटर पुढे जाते. सपाटीवर हे छान. पण चढ आणि समोरून वारा एकदम आला, की पन्नाशीतला माणूस उतरून चालायला लागतो. मिस्त्रीने १८ ऐवजी २० दात्यांचं फ्रीव्हील बसवलं. एका फेऱ्यात पाच मीटरच्या आसपास. वेग थोडा कमी झाला, पण उतरून चालणं बंद झालं. गिअरची सायकल घ्यायला हवी होती, असं मुलगा म्हणाला. त्या सायकलींना मडगार्ड नसतं, कॅरिअर नसतं, स्टँडसुद्धा नसतो. डबा काय डोक्यावर घेऊन जायचा?

आता काटे. परगावच्या सायकलवाल्याला सोलापूरच्या काट्यांची कल्पना यायची नाही. रस्त्याच्या कडेला वेडी बाभूळ माजलेली, आणि पावसाळा सरला की सराटे. सराटा कसाही पडला तरी त्याचं एक टोक वर असतंच. पहिल्या वर्षी मला महिन्याला दोन पंक्चर होत होते. मिस्त्रीने जुन्या ट्यूबच्या आतली-बाहेरची धार कापून लांब पट्टी केली आणि टायरच्या आत, ट्यूबच्या खाली अंथरली. सायकल थोडी जड झाली खरी, पण छोटे काटे ट्यूबपर्यंत पोचेनात. त्याने आणखी एक गोष्ट शिकवली, ती कुणी सांगत नाही. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून चिंधी फिरवायची. मोडलेल्या काट्याचं टोक टायरमध्येच अडकलेलं असतं, चिंधी तिथे अडते. ते काढलं नाही, तर चार पावलांवर पुन्हा तोच काटा त्याच जागी. "लोकं सोल्युशनला शिव्या देतेत," मिस्त्री म्हणायचा, "काटा आतच ठिवून." आणि हवा. मागच्या चाकावर वजन जास्त, म्हणून तिथे हवा थोडी कडकच. नरम टायर चालवायला जड आणि खड्ड्यात रिम आपटून ट्यूब चिमटते.

ब्रेकबद्दल थोडक्यात सांगतो. स्टीलची रिम पावसात ओली झाली, की ब्रेकचं रबर घसरतं. पहिल्या पावसात मी एका रिक्षाच्या मागे जाऊन टेकलो. लागलं नाही, पण बोलणी खाल्ली. तेव्हापासून पावसाळ्याच्या तोंडावर चारही रबरं नवी, आणि पावसात ब्रेक आधीपासून हलके दाबत राहायचे, म्हणजे रिम पुसली जाते.

सामानाचं मात्र मला स्वतःला सुचलं, आणि त्याचा थोडा अभिमान आहे. सुरुवातीला डब्याची पिशवी मी हँडलला अडकवायचो. हँडल सारखं एका अंगाला ओढायचं आणि एकदा पिशवी चाकात जाता जाता राहिली. मग बाजारातून दोन नंबरची एक सोलापुरी चादर घेतली, आतून रेक्झीन लावलं आणि आमच्या गल्लीतल्या शिंप्याकडून पडशी शिवून घेतली. कॅरिअरवर आडवी टाकली, की दोन्ही बाजूंना दोन कप्पे. एकीकडे डबा आणि वह्या, दुसरीकडे भाजी. वजन खाली आणि दोन्हीकडे सारखं, त्यामुळे सायकल डुलत नाही. पहिल्या पडशीत एक चूक झाली होती. प्रत्येक फेऱ्याला टाच कप्प्याला लागायची. दुसरी शिवताना कप्पे चार बोटं मागे सरकवले. बांधायला दोरी नाहीच, जुन्या ट्यूबची कापलेली पट्टी. तिच्यासारखं काही नाही.

उन्हाळ्यात पाण्याच्या बाटलीला ओला टॉवेल गुंडाळून दांडीला बांधायचो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा बेचाळीसच्या वर जातो, पण हवा कोरडी. ओलं कापड वाऱ्यावर वाळत जातं आणि पाणी गार राहतं. टॉवेलच्या कारखान्यातल्या माणसाला एवढं सुचायलाच हवं.

चेनकव्हर, घंटी, उजव्या बाजूला छोटा आरसा, हे सगळं यथावकाश झालं. राहिला दिवा. तो मी सर्वांत शेवटी ठेवला होता. रस्त्याला दिवे आहेत, आपल्याला दिसतं, मग कशाला? मिस्त्री मागेच लागला तेव्हा २०१५ च्या अखेरीला मी पुढचा एक आणि मागचे दोन दिवे आणले. मागचे जोडीत स्वस्त पडत होते. जुना डायनॅमो टायरला घासायचा, पायडल जड करायचा आणि सायकल थांबली की विझायचा. आता छोटे चार्जिंगचे दिवे मिळतात, पंधरवड्यातून एक-दोनदा चार्ज केले की झालं. मी मागचा दिवा सीटखाली लावला. मिस्त्रीने तो काढून मडगार्डच्या टोकाला बसवला. "सीटखाली तुमची पडशीच झाकती की त्याला." गोष्ट साधी, पण मला दिसली नव्हती.

जोडीतला दुसरा दिवा आमच्या जॉबरमामांसाठी घेतला होता.

जॉबर म्हणजे मागांची दुरुस्ती करणारा कारागीर. कुठल्याही मागाचा आवाज बिघडला, की मामा पान्यासह हजर. त्यांचं घर कुंभारीला, विडी कामगार महिलांच्या त्या दहा हजार घरांच्या वसाहतीत. २००६ मध्ये तिथल्या घरांच्या चाव्या मिळाल्या, त्यात त्यांच्या पत्नीच्या नावाने एक होती. मी कारखान्यातून निघून गावाकडे यायचो, मामा उलट्या दिशेला, गावाबाहेर. अक्कलकोट रोड तेव्हा अजून चौपदरी झाला नव्हता. एमआयडीसी मागे पडली की अंधार, आणि त्या अंधारातून टँकर, टेम्पो, ट्रक. दिवसभर दुसऱ्यांची यंत्रं नीट करणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या सायकलीला मागे काहीही नव्हतं. लाल काच कधीच फुटून गेलेली.

मी दिवा पुढे केला. मामा म्हणाले, "फुकट नको साहेब. शनवारी पगार झाला की पैसे देतो, मग बसवू." दिव्याचे माझ्याकडून गेलेले पैसे होते नव्वद रुपये. मी आग्रह केला नाही. त्यांचा मान राखला, असं मला वाटलं. दिवा टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. तो मंगळवार होता.

गुरुवारी रात्री आठच्या पाळीनंतर घरी जाताना मागून टेम्पोची धडक बसली. टेम्पो थांबला नाही. संक्रांत नुकतीच झाली होती, गड्ड्याच्या यात्रेहून मोटारसायकलवर परतणाऱ्या दोघा मुलांनी मामांना पाहिलं आणि सिव्हिलला आणलं. जीव वाचला. पाय दोन ठिकाणी मोडला होता, सळई घालावी लागली. मागांमध्ये बारा तास उभं राहण्याचं काम त्यानंतर त्यांना झालं नाही.

मी हिशेबाचा माणूस. पुढे कितीतरी दिवस हाच हिशेब मनात मांडत होतो. ताशी पन्नास किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ चौदा मीटर येते. समोर काहीतरी आहे हे ड्रायव्हरला कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत वीसेक मीटर गेलेले असतात. मग गाडी थांबायला आणखी पंधरा. भरलेल्या गाडीला त्याहून जास्त. आणि खाली झुकवलेल्या दिव्यात काळे कपडे, काळी सायकल दिसते ती तीस-चाळीस मीटरवर. म्हणजे दिसेपर्यंत वेळ संपलेली. नव्वद रुपयांचा लाल दिवा त्याच्या कित्येक पट अंतरावरून दिसतो. मी आजवर समजत होतो, की सायकलीचा दिवा आपल्याला रस्ता दिसावा म्हणून असतो.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या दारात उभ्या सायकली मोजल्या. एकतीस. मागे चालू दिवा असलेली एक, माझी. केंद्र सरकारने सायकलींवरच्या रिफ्लेक्टरसाठी २०२० मध्ये आदेश काढला, ते चांगलंच झालं. पण तो कारखान्यातून निघणाऱ्या नव्या सायकलींना. त्या एकतीसमधल्या बहुतेक दहा-दहा, वीस-वीस वर्षांच्या होत्या. ज्या कंपन्यांची नावं त्यांच्या नळीवर होती त्यांतली ॲटलस बघा, तिचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकल दिनी बंद झाला. सायकली मात्र चालूच आहेत.

गाड्यांच्या नंबरप्लेट रंगवणाऱ्या एका कारागिराकडे रेडियमच्या कापून उरलेल्या पट्ट्या असतात. त्याच्याकडून पिशवीभर आणल्या. मागच्या मडगार्डला लाल, पुढच्या चिमट्याला पांढरी, आणि चारही बाजूंनी पायडलला पिवळी. पायडल वर-खाली होतं, त्यामुळे ती पट्टी हलते आणि नजर पटकन जाते. जेवणाच्या सुट्टीत, दोन दिवसांत एकतीस सायकली झाल्या. पट्टीवर आधीचं तेल नीट पुसलं नाही तर ती आठवड्यात सुटते, हेही तेव्हाच शिकलो. पण रेडियम दुसऱ्याच्या उजेडावर चमकतं, चिखल बसला की तेही नाही. म्हणून दिव्याला पर्याय नाही, हे मी सगळ्यांना सांगत राहिलो. काहींनी घेतले, काहींनी नाही. मी मागे लागायचं सोडलं नाही. फुकट नको म्हणणाऱ्याला पगारातून कापून घेईन म्हणायचो, आणि दिवा त्याच दिवशी बसवून टाकायचो.

मामांची सायकल वर्षभर मिस्त्रीच्या झाडाला टेकून होती. मागचं चाक पार गेलेलं, चिमटा वाकलेला. त्यांची मोठी मुलगी एमआयडीसीत गणवेश शिवायच्या एका युनिटमध्ये लागली, तेव्हा त्यांनी विचारलं, सायकल दुरुस्त होईल का? मिस्त्रीने नवी रिम टाकली, आरे भरले, चाकाचा आऊट काढला. सीट तळापर्यंत खाली घेतली, तरी ती थोडी उंचच आहे. पण पोरगी उंच आहे, जमवते. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी बसवली, ओढणी आत जाऊ नये म्हणून. मुलींच्या सायकलीला ही जाळी ब्रेकइतकीच जरुरीची आहे, आणि नव्या सायकलींना ती हल्ली नसतेच. कॅरिअरवर माझी पहिली, टाचेला लागणारी पडशी आहे. तिची टाच छोटी, तिला लागत नाही. मडगार्डच्या टोकाला ड्रॉवरमधला तो दिवा आहे. मामांनी नव्वद रुपये दिले आणि मी घेतले.

पुढचा दिवा मात्र दुरुस्तीनंतरही थोडा डावीकडेच पाहतो. चिमटा ठोकून सरळ केला, तरी दिव्याची पट्टी वाकडीच राहिली. रोज संध्याकाळी मामा काठी घेऊन दाराशी खुर्ची टाकून बसतात. वसाहतीच्या वळणावर सायकली येताना दिसतात, त्यात एक दिवा डावीकडे झुकलेला असतो, तो पाहिला की ते आत चहा टाकायला सांगतात. मिस्त्री मध्ये एकदा म्हणाला होता, पट्टी सरळ करून देतो. मामांनी करू दिली नाही.